औषध तेच, जंत मात्र ते नाहीत

(सातारा येथे झालेल्या युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांचा मला फोन आला. ‘डॉक्टर, विज्ञान आणि आपलं जगणं असा विषय आहे. तुम्ही कशावर बोलाल?’ मी म्हटलं, ‘शेळीच्या पोटातल्या जंतांवर.’ पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग म्हणाले, ‘बोला, पण मुलांना झोप येऊ देऊ नका.’ तेवढी काळजी मी घेईन.

आधी एक विचारतो. ज्यांच्या घरी शेळी आहे किंवा लहानपणी होती, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागातली मुलं इथं आहेत. आपल्याकडे शेळी म्हणजे बायकांची बँक. पाऊस नाही पडला तर शेत जातं, शेळी राहते. मुलीची फी भरायची असली की एक पाठ विकायची. बकरी ईदला दोन बोकड चांगल्या भावाने गेले, की वर्षभराचा किराणा निघतो. त्यामुळे शेळीच्या पोटात काय चाललंय हा विषय आपल्या घरच्या हिशेबाचा आहे.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच माझी नोकरी आणि फिरती झाली. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. त्या चुकीमुळे मला जे शिकावं लागलं, ते कॉलेजात शिकूनही माझ्या डोक्यात नीट शिरलं नव्हतं.

माझी एक खाला खटाव तालुक्यात राहते. खालू लवकर गेले. दोन मुली आणि अकरा शेळ्या तिने एकटीने सांभाळल्या. घरात डॉक्टर भाचा असल्यामुळे तिला सल्ला फुकट होता. मी तिला एक वेळापत्रक लिहून दिलं होतं. दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं. औषधाचं नावही लिहून दिलं. ती बाटली तालुक्याच्या गावी सहज मिळायची, स्वस्तही होती. खालाने ते वेळापत्रक नमाजाच्या वेळांसारखं पाळलं. सात-आठ वर्षं एकच बाटली, एकच झाकणाचं माप, आणि सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी डोस.

मग एका पावसाळ्यात, सप्टेंबरमध्ये, तिचा फोन आला. दोन शेळ्या मेल्या होत्या. मी विचारलं, ‘जंताचं औषध दिलं होतंस का?’ ती म्हणाली, ‘दस दिन हुए, पिलाई ना रे.’ मी म्हटलं, मग जंत नसणार, दुसरं काहीतरी असेल. फोनवरच ताकदीचं औषध सांगितलं आणि मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात आणखी दोन गेल्या. शेजारीण म्हणाली नजर लागली, कुणीतरी तावीज आणून दिला. तो गोठ्याच्या दाराला बांधला गेला. मी गेलो तेव्हा पाचवी शेळी उभीही राहू शकत नव्हती. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. खालची पापणी ओढून बघितली, तर ती कागदासारखी पांढरी. ती संध्याकाळी गेली. मी तिथेच तिचं पोट उघडलं.

शेळीला पोटाचे चार कप्पे असतात. चौथा कप्पा उघडला, तर आतल्या अस्तरावर बारीक दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. हजारो. रक्त प्यायल्यामुळे लालसर, त्यात पांढरा पीळ. औषध पाजून दहा दिवस झाले होते आणि जंत मजेत होते.

खाला मागे उभी होती. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘तू बोला था, ये दवा पक्की है.’

त्या रात्री दाराला बांधलेला तावीज बघून मला हसू यायला हवं होतं, कारण मी शिकलेला माणूस. पण हसू आलं नाही. माझी बाटलीही तावीजच झाली होती. ती काम करते का, हे मी आठ वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. विश्वास ठेवला आणि दर तीन महिन्यांनी बांधत राहिलो.

आता हे झालं कसं, ते नीट समजून घेऊ.

या जंताचं नाव हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. शेळ्या-मेंढ्यांचा हा जगातला एक मोठा शत्रू, आणि उष्ण दमट हवा त्याला फार मानवते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलीटर रक्त गमावायला लावतो. हे काहीच नाही असं वाटेल. पण पोटात एक हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलीटर होतात. वीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त दीड लिटरच्या आसपास. आता तुम्हीच हिशेब करा.

याची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात. ओल असली की त्यातून अळी निघते, ती गवताच्या पात्यावर चढते, शेळी ते गवत खाते. पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत त्या अळीचा जंत होतो आणि तोही अंडी घालू लागतो. म्हणजे एका पावसाळ्यात यांच्या कितीतरी पिढ्या होतात. माणसाच्या तेवढ्या पिढ्या व्हायला शतक लागेल. हा वेग लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता औषध जंताला मारतं कसं? जंताच्या अंगात प्रथिनं असतात, आपल्याही असतात. औषध म्हणजे एखाद्या ठराविक प्रथिनात जाऊन बसणारा रेणू. कुलपात किल्ली बसावी तसा. आपल्याकडे मुख्यतः तीन गटांची औषधं वापरली जातात.

पहिला गट अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांचा. जंताच्या पेशीत ट्यूब्युलिन नावाचं प्रथिन असतं. या प्रथिनाच्या विटा एकावर एक लागून बारीक नळ्या बनतात. पेशीला आकार देणं, आतल्या आत माल इकडून तिकडे नेणं, पेशी विभागणं, ही कामं त्या नळ्यांवर चालतात. अल्बेंडाझोल बीटा-ट्यूब्युलिन या विटेत जाऊन बसतं. मग पुढची वीट लागत नाही, नळी बनत नाही. जंताला अन्न घेता येत नाही आणि तो मरतो.

दुसरा गट लेव्हामिसोलचा. जंताच्या स्नायूंवर एक ग्राहक प्रथिन असतं. ‘आखड’ असा निरोप नसेकडून स्नायूला तिथे मिळतो. लेव्हामिसोल तिथे चिकटून तोच निरोप सतत देत राहतं. जंत आखडतो, ताठ होतो आणि लेंडीबरोबर बाहेर पडतो.

तिसरा गट आयव्हरमेक्टिनचा. कोरोनाच्या काळात हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून शोधलेल्या जिवाणूपासून हे औषध आलं. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. जंताच्या नसांमध्ये आणि घशाच्या स्नायूंमध्ये क्लोराइड आत सोडणारी दारं असतात. आयव्हरमेक्टिन ती उघडी ठेवतं. जंत लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही.

म्हणजे तीन औषधं आणि तीन वेगळी कुलपं. आता जंत यातून सुटतो कसा?

बीटा-ट्यूब्युलिन ही शेकडो अमिनो आम्लांची माळ आहे. त्या माळेतल्या २०० व्या जागी साधारणपणे फेनिलअॅलॅनिन नावाचा मणी असतो. काही मोजक्या जंतांमध्ये त्या जागी टायरोसिन असतं. या दोन मण्यांत फरक किती? एका ऑक्सिजन अणूचा. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. पण तेवढ्याने अल्बेंडाझोल त्या जागी नीट बसत नाही. वीट आपलं काम करत राहते, नळ्या बनत राहतात, जंत जगतो. १६७ व्या आणि १९८ व्या जागी झालेल्या बदलांनीही हेच होतं.

दुसऱ्या वाटाही आहेत. काही जंतांच्या पेशींच्या भिंतीवर पंपासारखी प्रथिनं जास्त असतात. औषध आत आलं की ते पंप त्याला बाहेर फेकतात. काहींमध्ये स्नायूंवरचं ते ग्राहक प्रथिनच कमी असतं किंवा वेगळ्या घडणीचं असतं. निरोप घेणाराच जागेवर नाही, तर लेव्हामिसोल निरोप देणार कुणाला?

इथे एक मोठा गैरसमज दूर करतो. आपण म्हणतो, ‘जंतांना औषधाची सवय झाली.’ हे चूक आहे. एका जंताला सवय वगैरे काही होत नाही. दारू पिणाऱ्याला हळूहळू जास्त दारू लागते, तसा हा प्रकार नाही. तो बदललेला मणी घेऊनच तो जंत जन्मलेला असतो, आणि बऱ्याचदा आपण औषध आणण्याच्या आधीपासून असे जंत कळपात असतात. हजारांत एखादा. औषध त्याला बनवत नाही. औषध फक्त बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना मारून त्याच्यासाठी मैदान मोकळं करतं.

असं समजा की शेळीच्या पोटात हजार जंत आहेत आणि त्यातल्या दहांवर औषध चालत नाही. डोस दिला, ९९० मेले. शेळी टवटवीत झाली, आपण खूश. पण पुढचे तीन आठवडे लेंडीतून जी अंडी पडतील, ती सगळी त्या दहांची. तीन महिन्यांनी पुन्हा तोच डोस, पुन्हा तीच चाळण. आठ वर्षांत खालाने अशी तीसेक वेळा चाळण लावली, माझ्या सांगण्यावरून. शेवटी चाळणीत उरले ते सगळेच न मरणारे.

हे काही फक्त खटावमध्ये घडलेलं नाही. थायाबेंडाझोल हे या पहिल्या गटातलं पहिलं औषध १९६१ मध्ये आलं. १९६४ मध्येच अमेरिकेतून त्याला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. आपल्या देशातली अशी नोंद १९७६ मध्ये छापून आली. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आलं आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांमध्ये ते हरू लागलं. मोनेपँटेल नावाचं अगदी नव्या कुलपाचं औषध न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये आलं. त्याला न जुमानणारे जंत तिथेच २०१३ पर्यंत सापडले. चार वर्षांत! नवं औषध शोधायला आणि बाजारात आणायला किती वर्षं आणि किती पैसा लागतो याचा विचार करा. ही शर्यत आपण फक्त नव्या बाटल्यांच्या जोरावर जिंकू शकत नाही.

आता आपल्याकडच्या खास चुका सांगतो.

पहिली चूक, वजन न करता डोस देणं. ‘बारकी आहे, थोडं कमी दे’ म्हणून अंदाजाने पाजतो. डोस कमी पडला की अर्धवट सोशीक जंतही वाचतात.

दुसरी चूक शेळीला मेंढीचा डोस देणं. शेळीचं शरीर बरीचशी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापाने दिलेलं औषध शेळीला बऱ्याचदा कमी पडतं. म्हणून वाटेल तसं वाढवायचं नाही. लेव्हामिसोल जास्त झालं तर शेळी मरू शकते. किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारा, आणि ‘डॉक्टर, हे माप शेळीचं की मेंढीचं?’ हेही विचारा. मला कुणी हे विचारलं असतं, तर मी पुस्तक उघडलं असतं.

तिसरी चूक वर्षानुवर्षं एकाच गटाचं औषध देणं. दुकानात नाव बदलतं, डबीचा रंग बदलतो, आत अल्बेंडाझोलच असतं. औषध बदललं असं आपल्याला वाटतं, फक्त कंपनी बदललेली असते. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो तो वाचा.

चौथी चूक नवं जनावर तसंच कळपात सोडणं. आटपाडीच्या, लोणंदच्या बाजारातून शेळी आणली की ती एकटी येत नाही, पोटातले जंत घेऊन येते. आता तर राजस्थानच्या सिरोही, पंजाबच्या बीटल शेळ्या ट्रकने येतात. तिथल्या गोठ्यात औषध हरलेलं असेल, तर ती हार आपण विकत घेतो. नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची लेंडी तपासून घ्या.

पाचवी चूक सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती आपल्या दुष्काळी भागाची आहे. मेअखेर, पावसाच्या तोंडावर, सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध देण्याची पद्धत आहे. सल्ला वरवर चांगला दिसतो. पण विचार करा. माणच्या उन्हात एप्रिल-मेमध्ये रानात काय उरतं? गवत जळलेलं, माती तापलेली. रानातल्या अळ्या त्या उन्हात मरून जातात. त्या वेळी जवळजवळ सगळे जंत जनावरांच्या पोटातच असतात. अशा वेळी तुम्ही एकूण एक जनावराला औषध दिलंत, तर जगात शिल्लक कोण राहणार? फक्त औषधाला न जुमानणारे. मग पहिला पाऊस पडतो, रान हिरवं होतं, आणि त्या हिरव्या रानात पहिली पेरणी होते ती याच जंतांच्या अंड्यांची.

उलट काही जंतांना औषध लागलंच नाही, काही साधे जंत रानात किंवा निरोगी शेळीच्या पोटात राहिले, तर त्यांची आणि सोशीक जंतांची सरमिसळ होते. सोशीकपणा पातळ होतो, औषध जास्त वर्षं चालतं. शास्त्रज्ञ या औषध न लागलेल्या जंतांना ‘आश्रयातले जंत’ म्हणतात. ऐकायला विचित्र वाटतं, की औषध टिकवायचं असेल तर काही जंत मुद्दाम जिवंत ठेवायचे. पण हिशेब तसाच आहे. कळपातल्या धडधाकट, पापणी लाल असलेल्या जनावरांना औषध देऊ नका. अशक्त आहेत त्यांनाच द्या. जंतांचा मोठा भाग कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटात असतो, त्यामुळे नुकसानही होत नाही.

अशक्त कोण हे ओळखायचं कसं? दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यासाठी एक साधं कार्ड बनवलं, त्याला फमाचा म्हणतात. त्यावर पाच रंग आहेत, गडद लाल ते जवळजवळ पांढरा. शेळीची खालची पापणी ओढायची, आतला रंग कार्डाशी जुळवायचा. लाल असेल तर सोडून द्या. फिकट असेल तर औषध द्या. खालाला मी ते कार्ड दिलं. ती म्हणाली, ‘हे तर आम्ही बाळंतिणीचं बघतो तसंच आहे.’ बरोबर आहे, तसंच आहे.

आणि औषध चालतं का हे कळायचं कसं? औषध देण्याआधी लेंडी तपासा, दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासा. ताज्या लेंड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या, वर शेळीची ओळख लिहायची आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत द्यायच्या. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात. औषधानंतर अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली, तर ते औषध तुमच्या गोठ्यात हरू लागलंय असं समजा. खालाच्या उरलेल्या शेळ्यांची मी ही तपासणी केली. अंडी निम्म्यानेही घटली नव्हती. मग दुसऱ्या गटाचं औषध शेळीच्या मापाने दिलं, खुराक वाढवला. सहा शेळ्या वाचल्या. पण त्या वर्षी ईदला विकायला ठेवलेल्या पाठी-बोकडांचा पैसा आला नाही, आणि धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण एक वर्ष लांबलं. ती आज नर्स आहे. भेटली की मला विचारते, ‘भाईजान, माझं ते एक वर्ष कुणाच्या पोटात गेलं?’

आता थोडं वेगळं, पण याच विषयातलं.

हजारात एक वेगळा जन्मतो, परिस्थिती बदलते, तो टिकतो, त्याची पिल्लं वाढतात, आणि काही पिढ्यांत सगळा कळपच तसा होतो. याला शाळेत काय नाव आहे? नैसर्गिक निवड. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. एनसीईआरटीने २०२३ मध्ये त्यांच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. आपल्यातल्या काहींना त्या वेळी वाटलं असेल, बरं झालं, नाहीतरी तो धडा आपल्या घरी अवघडच वाटतो. मला हे माहीत आहे, कारण मीही त्या घरातलाच आहे. तो धडा मी पाठ केला, मार्क मिळवले आणि मनात बाजूला ठेवून दिला. ‘परीक्षेपुरतं.’

तो धडा मी खरा मानला असता, तर खालाला तसं वेळापत्रक दिलंच नसतं. जे शिकतो ते मनाच्या एका कप्प्यात बंद ठेवायचं आणि जगायचं दुसऱ्याच कप्प्यातून, याची किंमत असते. माझ्या बाबतीत ती पाच शेळ्या होती, आणि ती मी भरली नाही, खालाने भरली. मी तुम्हाला तुमच्या श्रद्धेबद्दल काही विचारत नाही. गोठ्यात जा, डोळ्यांनी बघा, मोजा, आणि जे दिसतं त्याला नाव द्यायला घाबरू नका, एवढंच म्हणतो. नवव्या शतकात बसऱ्यात अल-जाहिज नावाच्या लेखकाने प्राण्यांवर भलंमोठं पुस्तक लिहिलं, ‘किताब अल-हयवान’. काही जण उत्साहात त्याला डार्विनच्या आधीचा डार्विन म्हणतात. तेवढं ताणायची गरज नाही. प्राण्यांकडे बारकाईने बघावं असं त्याला वाटलं, हीच गोष्ट आपल्याला पुरेशी आहे.

आणि निवड फक्त जंतांच्याच बाजूने चालते असं नाही, ती आपल्याही कामाला लावता येते. आपल्याच जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. तिथे बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढ्या आणल्या गेल्या. जुळी कोकरं देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणण्यासाठी त्यांचा उपयोग झाला, त्यातूनच ‘नारी सुवर्णा’ मेंढी आली. पण तिथे डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली, की कुणाच्या लेंडीत जंतांची अंडी किती. गॅरोल रक्ताची कोकरं दख्खनी आणि बन्नूर कोकरांपेक्षा जंतांना जास्त तोंड देणारी निघाली. दलदलीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जंतांबरोबर राहून त्या मेंढ्यांमध्येही निवड झालेली होती. यातून आपण काय घ्यायचं? आपल्या कळपातही काही शेळ्यांना औषध क्वचितच लागतं. त्यांच्या पिल्लांना पैदाशीसाठी ठेवा. ज्या शेळीची पापणी सारखी फिकट होते, तिचा बोकड पैदाशीला ठेवू नका.

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात, म्हणून आधीच उत्तर देतो.

एक, कुर्बानीचा बोकड जंताचा असेल तर मटणातून आपल्याला जंत होतो का? हिमॉन्कस मटणातून माणसाला होत नाही, तो जनावराच्या पोटाच्या कप्प्यात राहतो. पण दुसरी काळजी घ्या. औषध पाजल्यावर ठरावीक दिवस त्या जनावराचं मांस आणि दूध वापरायचं नसतं. किती दिवस ते बाटलीवर लिहिलेलं असतं. ईदच्या आधल्या आठवड्यात बोकड टवटवीत दिसावा म्हणून औषध पाजून बाजारात उभा करणं ही घेणाऱ्याची फसवणूक आहे.

दोन, मग शाळेत मुलांना देतात त्या जंताच्या गोळीचं काय? राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात. हो, औषध तेच आहे. पण माझ्या या भाषणाचा आधार घेऊन कुणी आपल्या भावंडांना ती गोळी नाकारायला लावू नका. व्हॉट्सअॅपवर तसंही कमी गोंधळ नाही. मोठ्या गोल जंतांवर ती गोळी आजही चांगली चालते, आणि मुलांचं रक्त कमी होण्यापासून वाचवते. मात्र शेळीच्या गोठ्यातून मिळालेला धडा माणसांच्या डॉक्टरांनीही घेतला आहे. ट्यूब्युलिनमधला तोच २०० व्या जागेचा बदल माणसाच्या पोटातल्या चाबूक-जंतामध्येही काही देशांत सापडला आहे. म्हणून गोळीबरोबर तपासणी हवी, आणि गोळीपेक्षाही संडास, स्वच्छ पाणी, हात धुणं आणि पायात चप्पल हवी. आपल्या वस्तीत सार्वजनिक संडास तुंबलेला असेल तर नगरपालिकेत अर्ज घेऊन जाणं, हेही जंतनाशकच आहे. त्याला सोशीक झालेला जंत अजून जन्माला आलेला नाही.

खालाकडे आता नऊ शेळ्या आहेत. जुनं वेळापत्रक तिने फाडलं नाही, गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवलंय. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती लिहिते. कुठल्या शेळीची पापणी कशी, कुणाला औषध दिलं, कुठलं, लेंडी कधी तपासली. मागच्या महिन्यात मी गेलो आणि सवयीने म्हणालो, ‘खाला, हे नवीन औषध चांगलं आहे.’ तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘किसने गिना?’ कुणी मोजलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पिशवी घेतली आणि लेंड्या गोळा करायला वाकलो.

तुम्हीही घरी गेलात की एवढं करा. गोठ्यातली बाटली उलटी करून बारीक अक्षरातलं नाव वाचा. एका शेळीची पापणी ओढून बघा. आणि मला धरून जो कुणी तुम्हाला ‘हे पक्कं आहे’ असं सांगेल, त्याला खालाचा प्रश्न विचारा.